दादाच्या बोटाखालची पानं

माझी वहिनी नाकावर माशी बसू देत नाही. संग्रहालयांसाठी ती बोट लावायचे पडदे तयार करते. चित्राला हात लावला की माहिती उघडते. बटणाच्या रंगावरून गिऱ्हाइकाशी भांडेल, पण वाकडंतिकडं काम हाताखालून जाऊ देणार नाही. नणंद असून मी हे कबूल करतेय, म्हणजे बघा!

मेंदूत रक्तस्राव होऊन दादाची, तिच्या नवऱ्याची, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. वहिनीने त्याच्यासाठी टॅबवर पानं रचली. पाण्याचा पेला, खिडकी, त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. फोटोवर बोट ठेवलं की पुढचं पान उघडायचं आणि वहिनीच्याच आवाजात वाक्य ऐकू यायचं. इतकं देखणं, की डॉक्टरीणबाईसुद्धा बघत राहिल्या.

दादा रोज दुकानावर बोट ठेवायचा. टॅब म्हणायचा, "मला दुकानात जायचंय." की निघाली आमची वरात! चाकाच्या खुर्चीतून ढकलत न्यायचं, त्याच्या जुन्या टेबलापाशी बसवायचं. तिथे तो ढसाढसा रडायचा. आम्ही म्हणायचो, जीव अडकलाय बिचाऱ्याचा इथे.

"यात 'नको' कुठाय गं?" मी एकदा विचारलं.

"प्रत्येक पानाला 'नको'चं दुसरं पान करावं लागेल," ती फणकारली. "मग एक फोटो बदलला की सगळीकडे बदला. तू करणारेस?"

"मग ते पडद्यावर ठोकळे मांडून त्यांना रेघांच्या तारा जोडायचं सॉफ्टवेअर आहे ना तुझ्याकडे, ते घे की. एकदाच 'नको' ठेवलास की कशालाही जोडता येईल."

"शी! तो गुंता उद्या बिघडला तर माझा मलाच सुटायचा नाही. आणि दिसतं कसं ते, बघितलंयस?"

पण माझं बोलणं तिला लागलं. तिने ठोकळे घेतले, एकेका शब्दाचा एकेक. कुठल्याही शब्दानंतर कुठलाही शब्द यावा म्हणून तारा जोडताना तिच्या नाकी नऊ आले. शेवटी पडद्यावर उरली नुसती करडी बटणं. "तिकीटखिडकीसारखं दिसतंय," म्हणून ती रडकुंडीला आली.

दादाने बोट बराच वेळ फिरवलं. मग 'दुकान'. मी सवयीने त्याच्या चपला आणायला धावले. पण बोट थांबलं नव्हतं. 'नको'. परत 'दुकान', परत 'नको'.

वहिनी त्याच्या खुर्चीजवळ वाकली. "अहो, मग रोज त्यावरच बोट का ठेवायचात?"

विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला उमगलं. दुकानाबद्दल काहीही सांगायचं तर त्याला तेवढी एकच जागा होती, आणि तिथलं वाक्य तिने आधीच ठरवून टाकलं होतं. रडणाऱ्या माणसाला आम्ही रोज ओढत तिथे नेलं, वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं. मेलं आमचं शहाणपण!

वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागली. दादाने टॅब स्वतःकडे ओढला आणि सावकाश तीन बटणं दाबली.

"तू. रडू. नको."

आवाज वहिनीचाच होता, पण हे वाक्य तिने कुठेही घातलेलं नव्हतं.