आत्याची दहा मिनिटं

माझी आत्या विधानसभेत लघुलेखक होती. सभागृहात दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावून तिच्यासारख्या बायका भाषणं खुणांमध्ये उतरवायच्या आणि लगेच खोलीत येऊन टाइप करायच्या. आवाज टिपणारं यंत्र तेव्हा नव्हतं आणि आत्याच्या खुणा तिच्याशिवाय कुणाच्या बापाला वाचता येत नसत.

एका दुपारी तिच्याच पाळीत विरोधकांनी मंत्र्यांना डिवचलं आणि मंत्री रागाच्या भरात बोलून गेले की, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत नदीकाठचं एकही घर पाडणार नाही. तासाभरात माझे बाबा तिच्या टेबलापाशी उभे. बाबा त्याच मंत्र्यांच्या सचिवांची गाडी चालवायचे. नऊ वर्षं हंगामी, आणि कायम करायची फाईल सचिवांच्याच टेबलावर. सचिवसाहेबांनीच त्यांना वर पाठवलं होतं आणि स्वतः खाली गाडीत बसून होते. पाच वाजता कागद छापायला जायचा होता आणि पाचला वीस मिनिटं कमी होती.

तेवढं एक वाक्य गाळ, कुणाला कळणार आहे, असं बाबांनी तिला तीनदा विनवलं. आत्या टाइप करत राहिली. दोनदा चुकलं, दोनदा कागद बदलला.

"दादा, सभागृहात बोललेलं काढायचा हक्क मंत्र्यांना नाही आणि मलाही नाही. साहेबांना म्हणावं, अध्यक्षांचं पत्र आणा."

"आणि माझ्या लेकरांचं काय?"

पाचला कागद गेला, त्या वाक्यासकट. आठवड्याभरात बाबा घरी बसले. आत्या आमच्यातच राहायची, पण बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मलाही तिचा भयंकर राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

महिन्याभरानं, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, घरं पाडायच्या नोटिसा लागल्या. नदीकाठची माणसं आमच्या दारात आली. दुसऱ्या दिवशी कोर्टात सुनावणी होती, मंत्र्यांचं वाक्य असलेल्या पानाची नक्कल हवी होती आणि छापील प्रत अजून बाहेर आली नव्हती. बाबा कोपऱ्यात पेपर धरून ऐकत होते.

आत्या म्हणाली, "मला देता येणार नाही. कोर्टासाठी असलं तरी अध्यक्षांची परवानगी लागते."

माणसं हबकली. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले. मग उठून चपला घातल्या.

"चला, अध्यक्षांचं ऑफिस मी दाखवतो," ते त्या माणसांना म्हणाले. मग आत्याकडे वळून, "अर्ज तू सांग, मी लिहितो."

पान वेळेत कोर्टात पोचलं, घरं राहिली. बाबांची नोकरी गेली ती गेलीच.