गाळी बेका?

अक्का आधी हवेला बसवायच्या, मग स्वतः बसायच्या. बंगळूरच्या कोरमंगलातल्या त्या कॉफीच्या हॉटेलात शिरल्या की खिडकीचं एक दार उघडणार, दुसरं अर्धं लोटणार, पायांत लोकरी मोजे चढवणार आणि मगच कागद काढणार. "मान गार पाहिजे, पाय ऊन पाहिजेत. तेव्हा शब्द येतात," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही पत्रकं काढत होतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यांत यंत्रं तापू नयेत म्हणून हॉल गार ठेवत आणि जोडणी करणाऱ्या बायका दिवसभर कुडकुडत. यंत्राला जपायचं, बाईला नाही! मी हे मराठीत तावातावाने लिहायचे, अक्का त्याचं कन्नड करायच्या. आमच्या कामगार संघटनेची कचेरी लांब आनेकलला, पत्र्याखाली. तिथे दुपारी माणूस फक्त घाम पुसू शकतो. त्यामुळे आमची खरी कचेरी म्हणजे खिडकीजवळचं हे टेबल.

मी पुण्याहून नवी आलेली. पहिल्याच दिवशी घामाघूम होऊन बसले, तर वेटर विचारतो, "गाळी बेका?" मी उसळले. गिऱ्हाइकाला शिवीगाळ? मालकाला बोलवा म्हणून उभीच राहिले. अक्कांनी ओढणी धरून मला खाली बसवलं. "अगं, गाळी म्हणजे वारा. पंखा लावू का, विचारतोय बिचारा."

अक्कांचं मराठी घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. दोन भाषा अशा एकमेकींना अडखळल्या की त्या दिवसभर खुशीत असायच्या. पुढे माझा मजकूर वाचून म्हणत, "यातली गाळी स्वल्प कमी कर." वारा कमी की शिव्या कमी, हे मी कधी विचारलं नाही.

एक दिवस मालकाने सांगितलं, खिडक्या काढून काचा बसवणार, एसी येणार. बंगळूरात एसी! शिवाय एसीत फार वेळ बसायचं नाही, हेही ऐकवलं. म्हणजे आमची कचेरीच गेली. पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता. अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, लिही. पण आधी त्याला इथं बसव."

मालकाचा गल्ला भट्टीला लागून. त्याच्या लेखी सगळं हॉटेलच तापलेलं. दुपारी अक्कांनी, "अण्णा, एक कॉफी आमच्यासोबत घ्या," म्हणून त्याला खिडकीशी बसवलं. बाहेरच्या झाडाखालून वारा येत होता. अर्धी कॉफी उरली आणि त्याची मान कलली. मी तोंड उघडणार, तोच अक्का पुटपुटल्या, "गप. पत्रक वाचतोय तो."

एसी आला नाही. आला तो मालकाचा गल्ला, आमच्या टेबलाला खेटून. त्यानंतरचं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी त्याने ऐकलं आणि नावं ठेवली.

मी पुण्याला परतताना अक्कांनी मला आपले मोजे दिले. "तुझी सगळी ऊब डोक्यात. थोडी पायांत उतरव."

परवा आमच्या इथल्या कचेरीत एक नवी मुलगी घामाने निथळत आली. मी उठून खिडकी उघडली, एक दार अर्धं लोटलं आणि विचारलं, "गाळी बेका?"

ती ताडकन उभी राहिली. म्हटलं, ही पत्रकं चांगली लिहील.