लिंबाचा डाग

आमच्या शेजाऱ्यांनी बैहरच्या बाजारातून घडीचा नवा चाकू आणला आणि घरी येताच त्या चाकूनं कैरी कापली. पात्यावर काळा डाग पडला. लोखंडाचं पातं आहे, डाग पडणारच, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो मीच पाडला.

तेव्हापासून रोज सकाळी ते राख आणि लिंबू घेऊन ओट्यावर बसू लागले. पातं अर्धा तास घासायचं, बनियनला पुसायचं, एक डोळा मिटून उन्हात धरायचं आणि मला हाक मारायची, "भाऊ, पाहा बरं." डाग खरंच गेलेला असायचा. त्या आनंदात ते त्याच चाकूनं दुसरं लिंबू कापून मला सरबत पाजायचे आणि चाकू तसाच घडी करून खिशात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पात्यावर नवा डाग.

हे माझ्या लक्षात पहिल्याच आठवड्यात आलं होतं. पण सरबत चांगलं असायचं. महिन्याभरानं मला राहवेना. म्हटलं, "लिंबू विळीनं कापा न."

"नवा चाकू असताना विळी काहून?"

पुढं पुढं डाग घासूनही पुरते निघेनात. पावसाळा लागेपर्यंत डागाला डाग भिडत गेले आणि अख्खं पातं टोकापासून मुठीपर्यंत काळं झालं. परवा त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. एक डोळा मिटला.

"पाहा बरं भाऊ, आता एक तरी डाग दिसते काय?"

मी नीट पाहिलं. एकही दिसत नव्हता. तसं सांगितलं.

"हौ न," ते म्हणाले, आणि त्यांनी लिंबू कापलं.