बांधावरच्या बाभळीचं धनुष्य

दूध घेतलं की मी आधी हुंगते. दुकानदारानं ज्वारी ओतली की ती पोत्याच्या तळाचीच असणार असं धरून चालते. आणि कुणी उगाच गोड बोललं की याचं आपल्याकडं काय काम अडलंय ते शोधायला लागते. आमचे मालक म्हणतात, तुझ्या मनात संशय पेरावा लागत नाही, तो आपोआप उगवतो. म्हणू देत. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यालं तर बिघडलं कुठं?

अशा माझ्या घरी चुलत दिरानं लाकूड पाठवलं. बाभळीचं, माणसाच्या उंचीचं, उभं चिरलेलं. मी तुरीच्या रानातून आले तर ते ओट्यावर आडवं पडलेलं आणि लेक त्यावरून हात फिरवत बसलेली. काका मोटरसायकलवर घेऊन आला, घरात आला नाही, ‘तुझ्या धनुष्याला हुईल’ एवढंच म्हणाला आणि गेला, असं तिनं सांगितलं. तिला आनंद मावत नव्हता. मी मात्र लाकडाला हातही लावला नाही.

लेक शाळेतून धनुर्विद्या खेळते. शाळेचं धनुष्य वरच्या हाताला, म्हणजे मुठीच्या वरच्या भागाला, तडकलं होतं, बाजारातली तिच्या ताकदीला जड पडत होती, आणि जिल्ह्याची निवड तोंडावर आली होती. मी स्वतः शाळेत असताना खेळलेली. लग्नानंतर खेळ सुटला, पण धनुष्य करायचा नाद सुटला नाही; गावातल्या पोरांची मोडकीतोडकी मीच जुळवून देते. वाळलेलं लाकूड कुठं मिळतंय का म्हणून मी गल्लीत चार जणींना विचारलं होतं. त्यातल्या कुणीतरी ते दिराच्या कानावर घातलं असणार. कोण, याचाही मला संशय आहे.

दिराचं आणि आमचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. त्याच्या आणि आमच्या शेताच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. उसाचा ट्रॅक्टर वळवायला अडते म्हणून त्यानं ती कुणाला न विचारता तोडली आणि सगळं लाकूड स्वतःच्या गोठ्यात नेऊन टाकलं. बांध दोघांचा, मग झाड एकट्याचं कसं? आमच्या मालकांनी विचारलं, त्यानं ताडकन उत्तर दिलं, आणि तिथून भावकी फाटली. लग्नाकार्यात आम्ही एका मांडवात जेवायचो, पण पंगत वेगळी धरून.

हे लाकूड त्याच बाभळीचं होतं. आता घेतलं, तर तो उद्या पारावर बसून सांगणार की मी त्यांना लाकूड दिलं. आणि देतो तो मालक, एवढं आमच्या भावकीत शेंबड्या पोरालाही कळतं. परत पाठवलं, तर म्हणणार, बघा, त्यांनी हक्क सोडला. आवळा देऊन कोहळा काढायचा हा प्रकार. मालक म्हणाले, चुलीत घाल. मी म्हटलं, जाळलं तरी त्याचंच जाळलं असं होईल.

शेवटी मी ते दाराआड उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी तपासायला घेतलं. रंध्यानं एक बाजू साफ केली. मालकांच्या पांढऱ्या सदऱ्याला घालतो ती नीळ पाण्यात कालवून तिचे थेंब लाकडावर सोडले. नीळ लाकडाच्या नसेनं धावते आणि डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवते. चांगल्या लाकडात थेंब टोकाकडं सरळ जातात. इथं मुठीच्या वीतभर वर ते तिरके निघाले आणि थेट कडेला जाऊन बाहेर पडले. खालच्या हातात बोराएवढी गाठ होती, तिला वळसा घालून नस पुढं गेली होती. म्हणजे धनुष्य वाकलं की नस जिथं बाहेर पडते तिथूनच ते उकलणार.

शाळेत असताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीचं धनुष्य ओढता ओढता मोडलं होतं. ढलपी तिच्या भुवईत घुसली. बोटभर खाली घुसली असती तर डोळा गेला असता. लेक दोरी हनुवटीला लावते तेव्हा धनुष्य तिच्या तोंडासमोरच असतं. म्हणून त्या तिरक्या निळ्या रेघा बघून माझं डोकं फिरलं. एवढ्या मोठ्या झाडातून ह्याला हेच लाकूड सापडलं?

खात्री करायला मी गिरणीला जायचं निमित्त काढून त्याच्या गोठ्यावरून गेले. मान सरळ ठेवून डोळे तिरके करायची कला मला चांगली येते. गोठ्यात बाभळीचे ओंडके रचले होते, सुतासारखे सरळ. सरळ होते ते ठेवून घेतले आणि वाकडं माझ्या लेकीच्या हातात दिलं. पाणी कुठं मुरतंय ते मला दिसलं, असं मला वाटलं.

तरी मी धनुष्य करायला घेतलं. एक तर दुसरं वाळलेलं लाकूड नव्हतं, ओल्याचं धनुष्य वाकलं की वाकलेलंच राहतं. आणि दुसरं म्हणजे माझा हेका. वाकडं पाठवलंस ना, सरळ काम करून दाखवते.

दोषाच्या लाकडालाही एक वाट असते. धनुष्य ओढलं की त्याची पाठ ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. लाकूड फाटतं ते पाठीकडून. पाठीला कळकाची, म्हणजे बांबूची, लांब पट्टी चिकटवली की सगळा ताण कळक घेतो आणि लाकडाला फक्त दाब सोसायचा राहतो. दाब सोसायला बाभळीसारखी चिवट दुसरी नाही. मात्र सगळेच दोष पोटात घालता येत नाहीत. लाकडाला पीळ असला तर धनुष्य दोरी झटकून टाकतं, मुठीजवळ भेग असली तर कसलीच पट्टी वाचवत नाही. ह्या लाकडाला पीळ नव्हता, भेग नव्हती. गाठ पट्टीपासून लांब, पोटाच्या मधोमध बसत होती. म्हणजे होण्यासारखं होतं, पण जेमतेम. इतकं जेमतेम की ते मला आणखीच खटकलं.

पट्टी चिकटवून वर सायकलच्या जुन्या ट्यूबा आवळून गुंडाळल्या. डिंक सुकल्यावर धनुष्य भिंतीच्या खुंटीवर टांगलं आणि दोरीनं थोडं थोडं खाली ओढून दोन्ही हात सारखे वाकतात का ते बघत, तासत बसले. सगळं सारखं होत आलं. पण एक दिवस अर्ध्याच्या पुढं ओढलं तर ‘टक्’ असा बारीक आवाज आला. कुठून आला ते कळेना. भिंग घेऊन बघितलं, नखानं खरवडलं, काही दिसलं नाही. मग मला डिंकाचा संशय, कळकाचा संशय, शेवटी स्वतःच्या हाताचा संशय. पुन्हा ओढायची माझी हिंमत होईना, आणि लेक तर रोज विचारायची. मी आज-उद्या करत राहिले.

तिनंच जाऊन काकाला सांगितलं असावं. एका सकाळी तो दारात उभा राहिला. मालक उसाच्या ट्रॅक्टरवर गेले होते. मी लेकीला म्हटलं, तुझ्या काकाला विचार, पाणी प्यायचंय का. तो माझ्यापासून चार हातांवर होता, पण अबोला धरलेल्या घरांत असंच बोलतात, मध्ये पोर लागतं. त्यानंही लेकीकडं बघूनच उत्तर दिलं, की पाणी नको, धनुष्य दाखव.

मी तिच्या तोंडून विचारलं, गोठ्यात सरळ लाकूड असताना वाकडं का दिलं.

तो लेकीलाच म्हणाला, “तुझ्या आईला सांग, झाड बरोब्बर बांधाच्या रेघंवर चिरलंया. आमच्या अंगाचं आमी ठिवलं, तुमच्या अंगाचं येगळं ठिवलं. बाभूळ तुमच्याकडं झुकलेली, तर तुमच्या अंगाचं वाकडंच निघणार. दिलेलं न्हाय ते, तुमचंच हाय. बाकीचं बी कवाबी न्या.”

झाड तोडलं दोन वर्षांपूर्वी आणि वाटणी सांगतो आज! हे उत्तर त्याला उंबऱ्यात सुचलं असेल, असंच मला वाटलं. आम्ही विचारलं तेव्हा का नाही सांगितलं, हे विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं खुंटीवरचं धनुष्य काढलं. दोरी चढलेलीच होती. लेकीनं तो ‘टक्’ आवाजही त्याला सांगून टाकलेला दिसत होता, कारण तो म्हणाला, “पोरीच्या आधी म्या वढतो.”

आता हा वाटेल तसा ओढून मोडणार आणि वर म्हणणार, बघा, वहिनीला करता येत नाही. मी घाईघाईनं लेकीला म्हटलं, सांग त्याला, हनुवटीच्या पुढं न्यायचं नाही आणि दोरी एकदम सोडायची नाही. त्यानं मान हलवली. पाय रोवले. त्यानं आयुष्यात धनुष्य धरलेलं नव्हतं, हे त्याच्या मुठीवरूनच दिसत होतं. त्यानं दोरी ओढली, अर्ध्यावर आणली, अर्ध्याच्या पुढं नेली.

टक्.

तो थांबला, पण त्यानं सोडलं नाही. तोंडही बाजूला केलं नाही. वरचा हात वाकून त्याच्या कपाळासमोर आला होता आणि माझ्या डोळ्यांपुढं ती भुवईतली ढलपी आली.

“भाऊजी, डोळा सांभाळा,” मी म्हटलं.

दोन वर्षांत मी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. ते लेकीकडं न बघता, दोरी ताणलेलीच ठेवून म्हणाले, “माझा ऱ्हाऊ द्या, वहिनी. पोरीचा सांभाळायला तर आलोय.”

आणि त्यांनी ती हनुवटीपर्यंत नेली. धरून ठेवली. पुन्हा आवाज आला नाही. मग दोरी हळूहळू पुढं सोडली आणि धनुष्य माझ्यापुढं धरलं, आता तुम्ही ओढा म्हणून. मी ते घेतलं, पण ओढायच्या आधी लेकीला मध्ये न घालता त्यांनाच विचारलं, “भाऊजी, पाणी घेणार?”