हत्तीगवतावर शिजलेली वांगी

आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालक बिडकीनचे. तिकडची त्यांची शेती कारखान्यांसाठी गेली, तेव्हा आलेल्या पैशात त्यांनी इथं शहरात जागा घेऊन ठेवली. तिथं वेडी बाभूळ आणि गल्लीभरचा कचरा. आईनं मालकांना विचारून सगळं साफ केलं, वांगी-मेथी लावली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बीएस्सीची. मी एका कडेला हत्तीगवत लावलं. ते शेणाबरोबर टाकीत कुजवून स्वयंपाकाचा गॅस काढायचा, असं ठरवलं.

गॅस काही येईना. वास मात्र लई सुटला. गल्लीतल्या कुणीतरी तक्रार केली आणि मालकांचा फोन आला, "ताई, पोळा झाला की येतो. असाच वास राहिला तर भिंत घालून जागा बंद करतो."

आईचं तोंडच उतरलं. घरातली रोजची भाजी त्याच मातीतून निघत होती.

समोरच्या चाचींच्या म्हशीचं शेण आम्ही आणायचो. त्या मला चिडवायच्या, "क्या गे, डिग्री लेको बैठी, गॅस किधर है?"

एक दिवस आई टाकीत पाणी ओतत होती, आणि मला त्यात फेस दिसला. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, म्हणून धुण्याचं पाणीसुद्धा कुणी फेकत नाही. आई तेच टाकीत घालत होती. गॅस करणारे जिवाणू साबणानं मरत होते!

"आई, साधं पाणी लागंल."

"प्यायच्या पिंपातलं?"

"व्हय."

तिनं पिंप वाजवून पाणी किती उरलंय ते पाहिलं. मग तिनंच पिंपाचं झाकण काढलं. आम्ही दोघींनी टाकी उपसली, ताजं शेण आणलं, गवत बारीक कापून घातलं आणि वाट बघत बसलो.

मालक आले तेव्हा शेगडीवर वांगी शिजत होती. त्यांनी वाकून निळा जाळ पाहिला. टाकीपाशी जाऊन वास घेतला, पण पहिल्यासारखी घाण सुटत नव्हती.

"हे गवतावर चाललंय?"

"गवतावर, आन् माझ्या पोरीच्या शिक्षणावर," आई म्हणाली.

पदवी घ्यायला स्टेजवर गेले होते, तेव्हाही मी एवढी ताठ उभी नव्हते.

मालक जेवायला बसले. दुसरी भाकरी मागून घेतली. उठताना म्हणाले, "भिंत नाय घालत. पुढच्या सालीही करा. जाताना थोडी मेथी तेवढी द्या."

आई पिशवी शोधायला आत गेली, तिथूनच ओरडली, "कोवळी बघून उपट गं!"