काचेतला चष्मा

भांडी घासायच्या पावडरीने मी एकदा एका माणसाचा चष्मा कायमचा पुसून टाकला. तेव्हा मी नुकती एम.एस्सी. होऊन शनिवार पेठेतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते, आणि पुण्यातली निम्मी अक्कल आपल्याकडेच आहे अशा थाटात वावरत होते. "आजी, थाट अजून तसाच आहे," असं नात म्हणते. तिला गप्प बसवून सांगते.

चष्मा रणपिसेबाईंच्या वडिलांचा होता. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. येरवड्याहून मोपेडवर येत. ठेंगणी मूर्ती, सुती साडी आणि जीभ अशी, की प्राचार्यसुद्धा दारातूनच बोलून परत जात. पहिल्या दिवशी, बोलावलं होतं म्हणून रविवारी दुपारीच, "नमस्कार, मी सौ. लिमये" म्हणत मी आत शिरले, तर अंधारातून आवाज आला, "हलू नका!" मला वाटलं साप निघाला. मी एका पायावर उभी. बऱ्याच वेळाने दिवा लागला. "आता हला," बाई म्हणाल्या. "प्लेट गेली. तुमच्या चपलांनी खाल्ली."

बाई होलोग्राम काढत, म्हणजे काचेच्या प्लेटवर वस्तूचं बाजूंनीही दिसणारं चित्र. टेबल म्हणजे एक जाड फरशी, खाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा, वर लेझर आणि आरसे. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग जरी काही हललं तरी चित्र बसत नसे. बाहेरच्या रस्त्यावर तर दिवसभर बसची धडधड. म्हणून बाई काम करत रविवारी दुपारी, एक ते चार. त्या वेळात अख्खी पेठ दुकानं बंद करून घोरत असे. "पेठेच्या झोपेचा विज्ञानाला उपयोग करून घेणारी मी एकटीच," असं त्या म्हणत. माझी झोप त्यात जाई, ती त्यांच्या हिशेबात नव्हती. अंधारात खांबासारखं उभं राहायचं. एकदा कळवळून विचारलं, "बाई, नाक खाजवू?"

"खाजवा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा या."

"पण फोटोपेक्षा यात वेगळं काय आहे हो?" मी वैतागून म्हटलं.

"फोटोला उजेड किती आला तेवढं कळतं, कुठून आला ते कळत नाही. म्हणून फोटोतल्या माणसाच्या कानामागे डोकावता येत नाही. इथे एकाच लेझरचे दोन भाग करायचे. एक वस्तूवर आपटून प्लेटवर येतो, दुसरा सरळ येतो. हौदात दोन खडे टाकले की लाटा एकमेकींत घुसतात ना? तशी त्या दोघांची नक्षी प्लेटवर उमटते. पुन्हा तोच लेझर त्याच बाजूने सोडला की काचेतून उजेड असा निघतो, जणू वस्तू मागे ठेवलीय."

"आणि साध्या उजेडात?"

"साध्या उजेडात नुसती कळकट काच. लक्षात ठेवा."

हे मी लक्षात ठेवलं नाही.

बाईंचे वडील, आबा, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आले आणि आबा घरी बसले. बाईंनी त्यांचा चष्मा मागून आणला, त्याच्यामागे खिळ्यांची एक ओळ उभी केली आणि प्लेट घेतली. मला दाखवताना म्हणाल्या, "डोकं हलवा." मी हलवलं, आणि चष्म्याच्या काचेत मागची अक्षरं मोठी होऊन सरकली! तिथे ना चष्मा होता ना अक्षरं. "काढताना हलायचं नाही, बघताना हलल्याशिवाय दिसत नाही. तुमचं नेमकं उलटं असतं." पुढे आबा गेले. शेवटच्या प्रवासातही चष्मा बाईंनी त्यांच्या डोळ्यांवरच राहू दिला. मागे उरली ती प्लेट. ती बघायची तर लेझर हवा, म्हणून ती कॉलेजच्या कपाटातच राहिली. दर वर्षी आबांच्या दिवशी बाई दुपारी येऊन ती बघून जात.

त्या काळात होलोग्राम शब्दाचा सुळसुळाट झाला होता. टूथपेस्टच्या खोक्यावर चंदेरी स्टिकर आले. एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीने तर हवेत तरंगणारं माणूस दाखवतो म्हणून आम्हांला बोलावलं. सगळे टाळ्या वाजवत असताना बाई उठून कडेला गेल्या. "लिमये, इकडे या. तिरपी काच आहे, खाली पडदा आहे. दुकानाच्या काचेत तुमचं तोंड दिसतं ना, तेच. हा होलोग्राम नव्हे, हे प्रतिबिंब." आयोजकांनी पुन्हा आम्हांला बोलावलं नाही. परवा लग्नाच्या हॉलमध्ये नातीने दिव्यांचा गरगरणारा पंखा दाखवला, त्यात नवरा-नवरी तरंगत होते. मी मुकाट्याने कडेला जाऊन उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, चारचौघांत असं का करतेस?"

तर ती पावडर. कॉलेजात तपासणी होती, आणि माझ्या अंगात सासरची स्वच्छता संचारली होती. मी सारखं टेबल पुसते म्हणून बाई आधीच म्हणाल्या होत्या, "लिमये, तुमच्या घरचं सोवळं इथे नको. इथे धुळीपेक्षा धक्का वाईट." पण कपाटात एक कळकट काच सापडली, आणि मी ती काथ्याने घासघासून आरपार केली. एका कोपऱ्याला फडक्याने धरलं होतं, तेवढाच राहिला.

आबांचा दिवस आला. बाईंनी काच लावली, लेझर सुरू केला. काही नाही. पुन्हा लावली.

"बाई, ती मी स्वच्छ केली," मी सांगितलं. अभिमानाने!

बाई काच सोडवून हातात फिरवत बसल्या. मग कोपऱ्यातला धुरकट तुकडा त्यांना दिसला. तेवढ्यावर लेझर सोडून त्यांनी डोळा काचेला टेकवला. खूप वेळ. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी हलले नाही. मग त्या सरकल्या आणि खुणेनेच मला "बघा" म्हणाल्या. चष्मा होता. थोडा अंधुक, पण अख्खा. दोन्ही काचा, मागची ओळ, सगळं. डोकं जरा बाजूला नेलं की मात्र नाहीसा. काय घासलंय ते तेव्हा मला कळलं, आणि टेबलावर डोकं ठेवून मी हुंदके देऊन रडायला लागले.

बाई म्हणाल्या, "रडू नका लिमये, टेबल हलतंय. प्लेटच्या प्रत्येक तुकड्यावर अख्ख्या वस्तूचा उजेड पडलेला असतो. चष्मा अख्खा आहे, फक्त आता फटीतून बघायचा. बाकीच्या बाजू मला पाठ आहेत. तेवढा हा कोपरा मात्र घासू नका."