सतराव्या मैदानाची तिथी

त्या काळी इंग्लंड आणि वेल्स मिळून सतरा काउंटी व्यावसायिक क्रिकेट खेळायच्या. पॉलिटेक्निकात नाव घातलं त्याच उन्हाळ्यात मी ठरवलं, की शिक्षण संपायच्या आत सतराही काउंटींच्या मैदानांवर जाऊन यायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे असलं काही ठरवायला आपल्याला परवानगी आहे का, हेही मला धड माहीत नव्हतं. म्हणून बरेच दिवस कोणाला सांगितलंच नाही.

नियम एकच होता. मैदानाचं नुसतं दर्शन घेऊन परत फिरायचं नाही. निदान एक पूर्ण षटक टाकलेलं पाहायचं. तरच ते मैदान झालं असं धरायचं.

आम्ही लंडनच्या कडेला, हाउन्सलोला राहायचो. बाबा विमानतळावर सामान चढवायच्या कामावर होते. शनिवार-रविवार त्यांना क्वचितच मिळायचा, त्यामुळे मी एकटाच निघायचो. आई डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी द्यायची. बाबा रात्रपाळीहून येऊन बूट काढत विचारायचे, "आज कुठलं गवत बघायला निघाली स्वारी?"

ते दिवस आठवले की आजही मला एका जागी बसवत नाही. कँटरबरीला सीमारेषेच्या आत चक्क एक मोठं झाड उभं होतं, आणि चेंडू त्याला लागला की चौकार! होव्हला समुद्रावरून धुकं आलं आणि लाँग-ऑनचा खेळाडू नुसता विरघळून गेला. वूस्टरला षटक चालू असताना नदीपलीकडच्या घंटा वाजायला लागल्या, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाई विणकाम न थांबवता म्हणाल्या, "या घंटांना आमच्या गोलंदाजापेक्षा जास्त टप्पा कळतो." चहाच्या सुट्टीत प्रेक्षकांना मैदानात उतरून खेळपट्टीपर्यंत जाता यायचं. पहिल्यांदा उतरलो तेव्हा कोणीतरी ओरडेल म्हणून मी कडेकडेनेच चाललो. कोणी ओरडलं नाही. मग मी खेळपट्टीपाशी उकिडवा बसून तिच्याकडे असा काही बघत राहिलो, जणू मला तिच्यातलं सगळं कळतंय.

एकदा फजितीही झाली. मला वाटायचं, एका काउंटीचं एकच मैदान. तसा चेम्सफर्डला पोचलो, तर फाटक बंद. आत गवत कापणारा माणूस हसून म्हणाला, "ते सगळे साउथेंडला, राजा. आमची मंडळी सर्कससारखी गावोगाव हिंडतात." पुढच्या आठवड्यात साउथेंड गाठलं.

असं करत करत सोळा झाली. राहिलं होतं टाँटन, सॉमरसेटचं. माझी परीक्षा संपली होती, पदवी तेवढी हातात यायची होती, आणि समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर स्कॉटलंडला नोकरी लागली होती. रुजू व्हायचं होतं ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. टाँटनला हंगामातला एकच सामना उरला होता, रविवारचा, चाळीस षटकांचा. तो हुकला तर शिक्षण संपायच्या आत सतरा, ही गोष्ट कायमची राहून जाणार होती. जगाच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हतं. पण स्वतःहून ठरवून शेवटाला नेलेली अशी माझी तोवरची ती एकच गोष्ट होती.

आणि नेमकं तेव्हा आईने मुंबईहून आलेलं पंचांग उघडलं. "अहो, मामंजींची दशमी यंदा रविवारी आलीय."

पितृपक्ष चालू होता. आजोबांचं श्राद्ध आमच्याकडे कधी चुकलं नव्हतं. भटजी मिळायचे नाहीत, म्हणून स्टॅनमोरचे एक डॉक्टरकाका यायचे. ते इस्पितळात भूल द्यायचे आणि आमच्याकडे मंत्र सांगायचे. "दोन्हीकडे झोप येते," असं तेच म्हणत. बाबांनी साहेबाकडून रविवारची रजाही मंजूर करून आणली. मी घरात नसणं शक्यच नव्हतं. 

पण रात्री पंचांग हातात घेतलं. दशमी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लागते, असं त्यात छापलं होतं. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात. शनिवारच्या दुपारी ती लागलेली नाही, म्हणून रविवार. हे सगळं बरोबर होतं, पण मुंबईत. तिथे पाच वाजतात तेव्हा हाउन्सलोला साडेबारा झालेले असतात. म्हणजे आमच्या शनिवारच्या दुपारी दशमी लागलेली असणार होती.

मला आधी आनंद झाला, मग लगेच भीती वाटली. मॅचसाठी मी हे शोधून काढलंय, हे कोणालाही दिसलं असतं. आणि ते खरंच होतं. दोन दिवस मी ते पोटात ठेवून हिंडलो. गुरुवारी जेवताना शेवटी बोललो.

बाबांचा घास हातातच राहिला. "मॅच बघायला आजोबांची तिथी हलवतोस?"

"मी नाही हलवत, बाबा. ती इकडे लवकरच लागते."

"कॉलेजात हेच शिकवतात का?"

"अहो, पण घड्याळ तर तो म्हणतो तसंच आहे," आई म्हणाली. "आपण फोन लावतो तेव्हा तिकडे रात्र नसते का झालेली?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्या दिवशी त्यांना जेवायला बोलावलं?"

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, "दर वर्षी नाही, बाबा. एखाद्याच वर्षी फरक पडत असेल." त्यांनी ताट सरकवलं आणि ते उठले. त्या क्षणी मला टाँटन नको होतं. मी म्हणालोसुद्धा, "राहू दे, रविवारीच करू." ते ऐकायला थांबले नाहीत. सरळ फोनपाशी गेले आणि त्यांनी स्टॅनमोरचा नंबर फिरवला.

डॉक्टरकाकांचा आवाज खणखणीत होता, आम्हाला जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू आला. "पोराचं बरोबर आहे हो! यजमान ज्या गावात, सूर्य त्या गावचा. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? शनिवारी येतो."

"आणि मागचं, डॉक्टर?"

"मागचं काय! तुमचे वडील तुम्हाला ओळखत होते ना? मुलगा परदेशात आहे, जरा पुढेमागे होणार, एवढं त्यांना कळत नसेल?"

बाबा फोन ठेवून तसेच उभे राहिले. मग नाक शिंकरलं आणि परत येऊन जेवायला बसले.

शनिवारी बाबा रात्रपाळी करून आले, आंघोळ करून पाटावर बसले. वडे झाले, खीर झाली, आमसुलाची चटणी झाली. डॉक्टरकाका दोनदा खीर घेऊन आईला म्हणाले, "वहिनी, भूल द्यायला मी, आणि इथे तुम्हीच मला देताय." संध्याकाळी बाबा झोपून उठले आणि दारात उभे राहून म्हणाले, "माझी उद्याची रजा तशीच आहे. घरी बसून काय करू?"

 आईनेच विचारलं, "मग डबा दोघांचा करू ना?"

पॅडिंग्टनहून गाडी सुटली तेव्हा ऊन होतं. रेडिंगपाशी ढग आले. टाँटनला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, आणि मैदानावर आच्छादनं घातलेली होती. दोनाची सुरुवात हुकली. अडीच झाले, तीन झाले. मी दर मिनिटाला चर्चच्या मनोऱ्यामागचं आभाळ बघत होतो. पुढच्या रांगेतल्या लालबुंद चेहऱ्याच्या माणसाने मागे वळून विचारलं, "लांबून आलात?" बाबा आपल्या इंग्रजीत म्हणाले, "हाउन्सलो. पण माझा मुलगा सगळीकडून आलाय." आणि मग माझी सोळा मैदानं त्यांनी त्याला ओळीने सांगितली. मला वाटायचं त्यांचं लक्षही नसतं. होव्हचं धुकंसुद्धा त्यांच्या लक्षात होतं. त्या माणसाने साइडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली पुढे केली. बाबांनी लसणाची चटणी पुढे केली. चटणी जास्त चढली.

चार वाजायच्या सुमारास आच्छादनं निघाली आणि सगळं मैदान ओरडलं. षटकं कमी केली होती, पण सामना होणार होता! पंच आले.  पहिला चेंडू यष्टिरक्षकाकडे गेला. दुसरा पॅडवर. तिसऱ्याला फलंदाजाने कव्हरमधून असा फटका मारला, की ओल्या गवतावर पाण्याची एक लांब रेघ उठली आणि बाबा उभे राहून ओरडले, "अरे व्वा!" चौथ्याच्या वेळी परत ढग आले. मी बाबांचा दंड घट्ट धरला होता. पाचवा. गोलंदाज रन-अपच्या टोकाला जाऊन उगाचच चेंडू पुसत राहिला.

सहावा पडला. पंचांनी "ओव्हर" म्हटलं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं, बाबा! सतरा!" मी इतक्या जोरात ओरडलो की आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले.

"बरं, मग हात सोड आता," ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "आणि मला सांग, हा दुसरा गोलंदाज कोण?"